रिलीफ कधी धाडायचा?

गेल्या अंकात या सदरात मी सहज लिहून गेलो की बेसबॉलचा सामना बघताना चेंडू टाकणाऱ्या पिचरकडे थोडं कमी बघा आणि मैदानाच्या कडेला उठून हात मोकळा करणाऱ्या दुसऱ्या पिचरकडे, म्हणजे रिलीफ पिचरकडे, जास्त बघा. शिवाय त्या दुसऱ्याला मोजायला ईआरए नावाचा जो आकडा वापरतात (नऊ डावांमागे दिलेल्या धावांची सरासरी, कमी तितका चांगला), त्याला मी 'खोटं सर्टिफिकेट' म्हणालो. एवढ्यावर पत्रांचा गठ्ठा आला. तीन-चार जणांनी विचारलंय, 'नाना, कुस्ती-कबड्डी सोडून हे अमेरिकेचं खूळ कुठून काढलं?' त्यांनी एखाद्या शनिवारी सॉफ्टबॉल खेळणाऱ्या पोरींचा सराव बघून यावा, मग बोलू. बाकीच्यांची उत्तरं खाली देतो.

प्रश्न : नाना, मी जन्मभर क्रिकेट पाहिलं. रिलीफ पिचर म्हणजे शेवटच्या षटकांत आणतात तो बुमराच ना? मग त्याला कधी आणायचं यावर एवढा खल कशाला?
– एक वाचक, धुळे

उत्तर : भाऊ, अर्धं बरोबर आहे. बुमराला पहिलं षटक द्या, सीमारेषेवर उभं करा, अठराव्या षटकात परत बोलवा, कोणी अडवत नाही. बेसबॉलमध्ये सामन्यातून काढलेला पिचर त्या दिवसापुरता संपला. तो परत येत नाही. सगळा खल एवढ्या एका नियमातून निघतो.

माझी नोकरी रेल्वेतली, भुसावळला. शेवटची काही वर्षं मी लॉबीत क्रू कंट्रोलर होतो, म्हणजे कोणत्या गाडीवर कोणता लोको पायलट जाणार हे ठरवायचं. आमच्याकडेही हाच शब्द : रिलीफ. मनमाडकडून येणारी मालगाडी नांदगावला लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, अडकून पडली, पायलटचे तास भरत आले, की फोन यायचा, 'रिलीफ धाडा.' समोरच्या बोर्डावर चार नावं. त्यातला सगळ्यात तरबेज माणूस दुपारी तीनलाच नांदगावला पाठवला, तर रात्री दोन वाजता पावसात सिग्नल बिघडल्यावर कोणाला पाठवणार? आणि राखून ठेवला, रात्री काहीच घडलं नाही, तर दुपारच्या गाडीचा खोळंबा माझ्या माथी. त्या चार नावांवर मी किती संध्याकाळी घाम गाळलाय ते माझं मला माहीत.

बेसबॉलच्या मॅनेजरचं अगदी हेच दुखणं. सामना नऊ डावांचा, समोरच्यांचे सत्तावीस गडी बाद करायचे. बॅटर बेस नावाचे तीन थांबे घेत फिरून परत 'घरी' आला की एक धाव. जुन्या काळी एकच पिचर सगळे डाव ओढायचा. आता सुरुवातीचा पिचर पाच-सहा डाव टाकतो आणि उरलेलं काम तीन-चार जणांत वाटलं जातं. ते सगळे बुलपेन नावाच्या जागेत बाकावर बसून असतात. पूर्वी एकाच बॅटरपुरता पिचर आणून लगेच बदलता यायचा. 2020 पासून मेजर लीगमध्ये, म्हणजे तिकडच्या सगळ्यात वरच्या व्यावसायिक स्पर्धेत, नियम केला की आलेल्यानं किमान तीन बॅटरना तरी चेंडू टाकायचे, नाहीतर तो डाव संपवायचा. म्हणजे चुकीचा माणूस धाडला तर ती चूक तीन बॅटर उघड्या डोळ्यांनी बघत बसायची.

प्रश्न : 'सेव्ह' ज्याच्या नावावर जास्त, तो रिलीफ पिचर चांगला, असं माझा आतेभाऊ म्हणतो. खरं आहे का?
– कॉलेजात शिकणारा वाचक, पाचोरा

उत्तर : आतेभावाला सांग, सेव्ह म्हणजे शेवटच्या स्टेशनावर गाडी उभी करणाऱ्याला मिळणारी टाळी.

शिकागोचे एक क्रीडापत्रकार होते, जेरोम होल्ट्झमन. रिलीफ पिचरच्या कामाची कुठे नोंदच होत नाही म्हणून 1960च्या सुमारास त्यांनी हा आकडा काढला. 1969 पासून तो अधिकृत झाला. ढोबळ नियम असा : आपला संघ जिंकला पाहिजे, शेवटचा चेंडू तुमचा पाहिजे, आणि तुम्ही आलात तेव्हा आघाडी तीन धावांपेक्षा जास्त नको, शिवाय एक डाव तरी टाकलेला हवा. बरोबरी करू शकणारा माणूस बेसवर, बॅट घेऊन किंवा त्याच्या मागच्या नंबरवर उभा असेल, तरी चालतं. आणखी एक पळवाट आहे : शेवटचे तीन डाव नीट टाकलेत तर आघाडी कितीही असो, सेव्ह मिळते. 22 ऑगस्ट 2007 ला टेक्सास रेंजर्सनी बाल्टिमोर ओरिओल्सला 30-3 असं धुतलं. त्या सामन्यात वेस लिटलटन नावाच्या पिचरला सेव्ह मिळाली! सत्तावीस धावांनी जिंकलेला सामना यानं 'वाचवला'. कुणापासून वाचवला ते पुस्तकात लिहिलेलं नाही.

गंमत सोड. सेव्हच्या आकड्यानं खरं नुकसान वेगळंच केलं. मॅनेजर लोकांना सवय लागली की सगळ्यात चांगला माणूस, ज्याला क्लोजर म्हणतात, तो नवव्या डावासाठी राखायचा, तोही आघाडी असेल तरच. तू कधी मुंबईहून रेल्वेनं आलास का? कसाऱ्याला गाडी थांबते आणि मागून बँकर इंजिनं लागतात. घाट चढून इगतपुरी आली की ती सुटतात. कोणी असं म्हणत नाही की बँकर भारीतलं इंजिन आहे, ते नाशिकच्या सपाटीसाठी राखू, तिथे लोक बघायला असतात. घाट असेल तिथे बँकर लावायचा. बेसबॉलमध्ये हा घाट कधी सहाव्या डावात येतो, कधी आठव्यात, आणि नववा डाव पुष्कळदा सपाट असतो.

घाट किती उभा आहे हे मोजायची पट्टीही निघाली आहे. टॉम टँगो या टोपणनावानं लिहिणाऱ्या एका अभ्यासकानं ती बनवली, नाव लिव्हरेज इंडेक्स. सरासरी प्रसंगाला 1. निकाल ज्या चेंडूवर जास्त हलू शकतो तिथे आकडा वर चढतो, आणि दहा धावांची आघाडी असताना तो शून्याजवळ लोळतो. पिचरच्या सेव्ह मोजण्यापेक्षा त्याला सरासरी किती चढावर धाडलं हे बघ. मॅनेजरचा त्याच्यावर किती भरवसा आहे ते तिथे कळतं.

आता घाटात बँकर न लावल्याचं उदाहरण. 4 ऑक्टोबर 2016, टोरोंटो. हरेल तो घरी, असा एकच सामना. ओरिओल्सकडे झॅक ब्रिटन हा क्लोजर होता. त्या हंगामात सेव्हच्या 47 संधी, 47 सेव्ह, ईआरए 0.54. सामना 2-2 बरोबरीत, अकरावा डाव. मॅनेजर बक शोवॉल्टर वाट बघत राहिले की आपल्याला आघाडी मिळू दे, मग ब्रिटनला आणू. आघाडी मिळालीच नाही. उबाल्डो हिमेनेस चेंडू टाकत होता, टोरोंटोच्या एडविन एन्कार्नासिओननं तीन धावांचा होमरन मारला, म्हणजे चेंडू थेट कुंपणापार, आणि 5-2 नं सामना संपला. वर्षभरातला सगळ्यात भारी रिलीफ पिचर एकही चेंडू न टाकता विमानात बसला. आमच्या लॉबीत असं झालं असतं तर मला साहेबांनी दुसऱ्या दिवशी टेबलासमोर उभं केलं असतं.

त्याच महिन्यात क्लीव्हलँडच्या टेरी फ्रँकोनांनी उलटं केलं. अँड्र्यू मिलर हा त्यांचा हुकमी माणूस त्यांनी पाचव्या-सहाव्या डावातसुद्धा आणला, जिथे चढ दिसेल तिथे. अमेरिकन लीगच्या (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एक) अंतिम मालिकेत सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याच मिलरला मिळाला. आतेभावाला हे दोन्ही संघ एका कागदावर शेजारी-शेजारी लिहून दाखव.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत फ्लोरिडात असतो. 2020 च्या वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना त्याच्या डोक्यातून अजून जात नाही. त्याच्या टँपा बे रेज संघानं स्नेल नावाच्या पिचरला 73 चेंडूंतच काढलं आणि हातातला सामना घालवला. मॅनेजर मूर्ख होता, असं त्याचं म्हणणं. तुमचं काय मत?
– निवृत्त शिक्षक, चोपडा

उत्तर : गुरुजी, तो सामना मी पाहिलाय. तिकडची रात्र म्हणजे आपली पहाट. 28 ऑक्टोबरची सकाळ, नातवाचा लॅपटॉप ओट्यावर ठेवलेला, बाहेर दूधवाल्याची घंटा. मॅनेजर केव्हिन कॅश मैदानात चालत गेले तेव्हा आमची मंडळी चहा गाळता गाळता म्हणाली, 'अहो, चांगला टाकतोय, त्याला कशाला काढता?' जणू मीच काढत होतो.

आधी काय घडलं ते सांगतो, कारण चिरंजीवांच्या रागात थोडा तपशील गळला असेल. वर्ल्ड सिरीज म्हणजे मेजर लीगची अंतिम मालिका. तीत रेज लॉस एंजेलिस डॉजर्सच्या 2-3 नं मागे. हा हरले की सगळं संपलं. सामन्यात 1-0 नं पुढे. ब्लेक स्नेलनं पाच डाव आणि सहाव्यातला एक गडी एवढं काम केलं होतं : नऊ जण स्ट्राइकआऊट (चेंडू नीट लागूच न देता बाद), दोनच हिट (बेस मिळवून देणारे फटके), एकही वॉक नाही (चार चेंडू बाहेर टाकले की बॅटरला फुकट मिळतो तो पहिला बेस). दुसरा हिट नुकताच ऑस्टिन बार्न्सनं मारलेला, तो पहिल्या बेसवर. समोर डॉजर्सचे पहिले तीन बॅटर : मूकी बेट्स, कोरी सीगर, जस्टिन टर्नर. हे तिघं स्नेलसमोर प्रत्येकी दोनदा आले होते आणि सहाच्या सहा वेळा स्ट्राइकआऊट झाले होते. आणि कॅशनी त्याला काढलं. निक अँडरसन आला. बेट्सनं डबल, म्हणजे दोन बेसचा फटका, मारला. एक चेंडू कॅचरला चकवून मागे गेला, बार्न्स घरी, बरोबरी. सीगरच्या जमिनीलगतच्या फटक्यावर बेट्स घरी. 2-1. पुढे बेट्सनं होमरनही मारला, 3-1, चषक डॉजर्सकडे.

आता मूर्ख कोण? मी लॉबीत एक शिस्त पाळायचो. गाडी लेट झाली की आधी घड्याळ मागे फिरवायचं. मी नाव लिहिलं त्या मिनिटाला मला काय काय माहीत होतं, तेवढंच समोर ठेवायचं. पुढे रुळावर म्हैस आली ते त्या मिनिटाला माहीत नव्हतं, म्हणून ते हिशेबात धरायचं नाही. तसं कॅशचं घड्याळ मागे फिरवू.

त्यांना हे माहीत होतं की एकाच पिचरला तिसऱ्यांदा सामोरे जाणारे बॅटर सरसकट जास्त मारतात. चेंडू डोळ्यांत बसलेला असतो आणि हातही दमलेला असतो. हा नियम पुष्कळ हंगामांच्या आकड्यांतून निघालेला आहे, हवेतला नाही. स्नेलनं त्या हंगामात एकदाही सहा डाव पूर्ण केले नव्हते, हेही माहीत होतं. शिवाय रेजचा संघ वर्षभर असाच खेळला होता : लवकर काढा, ताजा हात आणा. त्याच रीतीनं ते वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचले. तेव्हा काढण्याचा निर्णय वेडगळ नव्हता. मी काढलं नसतं. माझ्या मते सरासरी ही हजार दिवसांची असते, आणि त्या दिवशीचा हात समोर दिसत होता. नऊ स्ट्राइकआऊट आणि 73 चेंडू म्हणजे इंजिन अजून तापलेलंही नाही. पण इथे दोन शहाण्या माणसांत मतभेद होऊ शकतो.

माझं खरं भांडण दुसऱ्या अर्ध्या निर्णयाशी आहे, आणि त्याबद्दल लोक कमी बोलतात. काढलं ते काढलं, पण आणलं कोणाला? अँडरसनचा हंगामातला ईआरए होता 0.55, कागदावर सोनं. पण त्या सामन्याआधी प्लेऑफमधल्या सलग सहा सामन्यांत त्यानं प्रत्येक वेळी धाव दिली होती. हे तर कॅशना त्या मिनिटाला नक्की माहीत होतं! बोर्डावरचं नाव मोठं आहे, पण माणूस सहा रात्री सलग ड्युटी करून आलाय आणि डोळे लाल आहेत. अशा माणसाला मी साधी शंटिंगलासुद्धा पाठवला नसता. एकीकडे स्नेलच्या बाबतीत 'आजचा हात बघू नका, सरासरी बघा' म्हणायचं, ते एक वेळ ठीक. पण अँडरसनच्या बाबतीत महिनाभराचा थकवाही बघायचा नाही, हे मला पटत नाही.

म्हणून चिरंजीवांना माझा निरोप : काढणं हा एक प्रश्न, आणणं हा दुसरा. पहिल्यात कॅशना दहातले पाच मार्क. दुसऱ्यात तीन. आणि बेट्सनं तो चेंडू सरळ शॉर्टस्टॉपच्या हातात मारला असता तरीही मी हेच मार्क दिले असते. हे वाक्य त्यांना जरा सावकाश वाचून दाखवा.

उलट बाजूचंही एक प्रकरण त्यांना ठाऊक असेलच. 2003 मध्ये बॉस्टनच्या ग्रेडी लिटल यांनी न्यूयॉर्क यँकीजविरुद्ध अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेतल्या सातव्या सामन्यात पेड्रो मार्टिनेझला आठव्या डावात ठेवला. मध्येच मैदानात जाऊन त्याला विचारलं, आणि तरी ठेवला. आघाडी गेली, अकराव्या डावात सामना गेला, आणि थोड्याच दिवसांत लिटल यांची नोकरीही गेली. ज्यानं काढला त्याला शिव्या, ज्यानं ठेवला त्यालाही शिव्या. पण दमलेल्या पिचरला 'दमलास का?' असं विचारून निर्णय घेणं मला कधीच मंजूर नाही. कोणता पायलट फोनवर 'हो, मी दमलोय' म्हणतो? सगळे म्हणतात, 'नाही साहेब, भुसावळपर्यंत आणतो.'

प्रश्न : आपण ईआरएला 'खोटं सर्टिफिकेट' म्हणालात. मी बँकेत हिशेब तपासण्यात हयात घालवली. आकडा खोटा नसतो, वाचणारा चुकतो. खुलासा व्हावा.
– एक ज्येष्ठ वाचक, जळगाव

उत्तर : दादा, तुमचा फटका मान्य. आकडा खोटा नाही, दुसऱ्याच्या खात्यातला आहे.

ईआरए म्हणजे पिचरनं नऊ डावांमागे किती धावा दिल्या त्याची सरासरी, क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा वगळून. आता तुमच्या भाषेत मांडतो. पहिला पिचर तिन्ही बेस भरून, एकही गडी बाद न करता बाहेर गेला. ही तीन माणसं म्हणजे जुनं कर्ज. नियम असा की त्यांतला जो घरी पोचेल, त्याची धाव पहिल्याच्या नावे. समजा आत आलेल्या रिलीफ पिचरनं पहिल्याच चेंडूवर हिट दिला, दोघे घरी पोचले, मग त्यानं कसेबसे तीन गडी बाद केले. त्याच्या खात्यात धावा : शून्य. दुसऱ्या गावी तशाच अवस्थेत दुसरा रिलीफ पिचर आला आणि त्यानं तिघांनाही स्ट्राइकआऊट केलं. त्याच्याही खात्यात शून्य. मेजर लीगमध्ये बेस भरलेले आणि कोणीच बाद नाही, अशा स्थितीतून सरासरी सव्वादोनच्या आसपास धावा होतात. म्हणजे पहिल्या रिलीफ पिचरनं जवळपास होणारच होतं तेवढं होऊ दिलं, दुसऱ्या गावच्यानं जळतं घर विझवलं. सर्टिफिकेट मात्र दोघांना सारखंच.

शिवाय रिलीफ पिचर वर्षभरात साठ-सत्तर डाव टाकतो. एका वाईट रात्री चार धावा गेल्या की आकडा महिनाभर आजारी दिसतो. म्हणून मी तीन गोष्टी बघतो : वारशात आलेल्या माणसांपैकी किती घरी जाऊ दिले, किती जणांना स्ट्राइकआऊट केलं, आणि किती वॉक दिले. पहिली गोष्ट त्या दिवशीच्या कामाची, बाकीच्या दोन उद्याच्या भरवशाच्या. होमरनही मोजावेत, पण थोड्या डावांत ते फार फसवतात.

आणि सगळे आकडे टाकून एकच माणूस सांगा म्हणाल, तर पनामाचा मारियानो रिवेरा. यँकीजकडून 652 सेव्ह, हा अजूनही उच्चांक. पण मी त्याला मानतो ते प्लेऑफमधल्या 0.70 ईआरएमुळे, आणि तोही पुष्कळदा एकाऐवजी दोन-दोन डाव टाकून. चेंडू मुख्यतः एकच, कटर, म्हणजे शेवटच्या क्षणी किंचित बाजूला सरकणारा. समोरच्याला माहीत असायचं की तोच येणार, तरी बॅट मोडायची. 2019 मध्ये हॉल ऑफ फेमसाठी त्याला झाडून सगळ्यांनी मत दिलं, असं त्याच्याआधी कोणाच्याही नशिबी आलं नव्हतं. एवढ्या माणसाच्या हातूनही 2001 च्या वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना गेला होता.

प्रश्न : आपल्या देशातला कोणी तिकडे पिचर झाला का?
– शाळकरी वाचक, साक्री

उत्तर : झाले बेटा. उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, दोघेही भालाफेकपटू. पिचिंगच्या एका स्पर्धेतून ते निवडले गेले आणि 2008 मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सनी त्यांच्याशी करार केला. डावखुरा रिंकू काही वर्षं मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पायऱ्यांवर, खेळला, तिथे त्याला बहुतेक रिलीफलाच आणायचे. मेजर लीगपर्यंत मात्र दोघेही पोचले नाहीत. रिंकू पुढे कुस्तीच्या तमाशात गेला, तो टीव्हीवर तू पाहिला असशील. (अमेरिकेतल्या, आपल्या यात्रेतल्या नाही.)

प्रश्न : माझा चौदा वर्षांचा मुलगा बेसबॉल टाकतो. स्पर्धेत सलग दोन दिवस त्यालाच टाकायला लावलं. आता कोपर दुखतं म्हणतो. गरम तेलानं चोळतोय. चालेल का?
– एक पालक, यावल

उत्तर : तेल ठेवा बाजूला आणि हाडांच्या डॉक्टरला दाखवा, याच आठवड्यात. अमेरिकेत लिटल लीगच्या नियमात तेरा ते सोळा वयाच्या पोराला दिवसात 95 चेंडूंपलीकडे टाकू देत नाहीत, आणि चौदा किंवा त्याखालच्या वयाच्या पोरानं 66 किंवा जास्त टाकले तर पुढे चार दिवस सक्तीची विश्रांती. पुढच्या वेळी शर्टाच्या खिशात वही ठेवा आणि तुम्हीच चेंडू मोजा. कोणी हसलं तर हसू द्या.

प्रश्न : सर, मी शहादा तालुक्यात मुलींचा सॉफ्टबॉल संघ सांभाळते. चांगली पिचर एकच, दुसरी जेमतेम. बदल कधी करावा हेच कळत नाही. बदलली आणि हरलो तर पालक बोलतात, नाही बदलली आणि हरलो तर मुख्याध्यापक बोलतात.
– क्रीडाशिक्षिका

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आधी कामाचं सांगतो.

सॉफ्टबॉलमध्ये तुम्हाला एक सवलत आहे, जी वर लिहिलेल्या साहेबांना नव्हती. पहिल्या नऊ जणींतली मुलगी बाहेर काढली तरी ती एकदा परत येऊ शकते, बॅटिंगच्या आपल्याच नंबरावर. तेव्हा घाबरू नका. बाहेरही काढू नका, पहिल्या बेसवर उभी करा. दोन बॅटर दुसरीकडून काढून घ्या, मग हिला परत गोलात, म्हणजे पिचरच्या जागी, आणा. सॉफ्टबॉलचा हात खालून फिरतो, म्हणून खांदा थोडा जास्त टिकतो. पण टिकतो म्हणजे दमत नाही असं नव्हे. दमलेली पिचर चेहऱ्यावर दिसत नाही, चेंडूच्या उंचीवर दिसते. गुडघ्याशी पडणारा चेंडू छातीशी यायला लागला, कॅचरचा ग्लोव्ह सारखा वर उठायला लागला, की समजा. कॅचरला आधीच सांगून ठेवा, 'दोनदा उठावं लागलं तर माझ्याकडे बघ.'

आणि दुसरीला गरम ठेवा. इथेच मी एकदा मार खाल्लाय.

मी नोकरी करता करता संध्याकाळी भुसावळच्या एका शाळेच्या मुलींना शिकवायचो. जिल्ह्याची अंतिम फेरी, ऑक्टोबरचं ऊन, काळ्या मातीवर चुन्याच्या रेषा अर्ध्या उडालेल्या. सात डावांचा सामना, सहाव्यात आम्ही 4-2 नं पुढे. आमची पहिली पिचर उंच, लांब हाताची. एक हिट, एक वॉक, परत एक वॉक. तिन्ही बेस भरले, बाद कोणी नाही. कॅचर पोरगी तीनदा माझ्याकडे वळली. मी हातानं खूण केली, टाकू दे. मग अचानक मला शहाणपण सुचलं आणि मी दुसरीला हाक मारली. ती लिंबाखाली पाण्याच्या टाकीपाशी, तोंड धूत होती. हनुवटीवरून पाणी गळतंय, अशीच पळत गोलात गेली. पंचांनी सरावाचे चार-पाच चेंडू मोजून दिले. पहिल्या बॅटरला चार चेंडू, चारही बाहेर. वॉक, एक धाव ढकलली गेली, 4-3. पुढचीनं दुसऱ्या बेसच्या डोक्यावरून मारला, दोघी घरी. 5-4. सातव्यात आमच्याकडून काही झालं नाही.

घरी येऊन स्कोअरबुक उघडलं. नियमानं तिन्ही धावा पहिल्या पिचरच्या नावे, कारण तिन्ही माणसं तिनं सोडलेली. पराभवही तिच्याच नावे. दुसरीच्या रकान्यात शून्य! पण शाळेत, रिक्षात, पालकांच्या तोंडी एकच : 'दुसरी कच्ची निघाली.' ती आठ दिवस मैदानावर आली नाही. मग मी तिच्या घरी गेलो. तिच्या आईनं कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढ्यात ठेवला आणि आतल्या दाराकडे बघत बसली. दाराआडूनच आवाज आला, 'सर, मले आधी सांगितलं असतं तं मी हात मोकया करून ठेवला असता.'

भाकरी घशाखाली उतरेना. नोकरीत मी कधी असं केलं नव्हतं. गाडीच्या दीड-दोन तास आधी आमचा कॉल बॉय सायकलवर क्वार्टरच्या दारात जायचा, कॉल बुकावर सही घ्यायचा. माणूस उठायचा, चहा घ्यायचा, डबा भरायचा, मग लॉबीत यायचा. झोपेतून उठवून सरळ इंजिनात कोणाला बसवलं नव्हतं. आणि त्या पोरीला मी टाकीवरून उचलून घाटात नेऊन सोडलं होतं.

तेव्हा ताई, चौथ्या डावापासून दुसऱ्या पिचरला कुंपणाकडे पाठवा, सोबत एक राखीव कॅचर द्या. आणायची नसली तरी पाठवा. 'पुढच्या डावात तिसऱ्या नंबरची बॅटर आली की तू', असं बॅटरचं नाव घेऊन सांगा, म्हणजे ती मनातही तयार होते. शक्य असेल तेव्हा डाव सुरू होताना आणा, बेस मोकळे असताना. जेमतेम पोरीला सपाटीवर गाडी द्या. घाट पहिलीलाच चढू द्या, तिला मध्ये विसावा मिळाला असेल तर ती चढते. आणि पालक बोलतातच. त्यांना स्कोअरबुक दाखवायच्या फंदात पडू नका, मी पडलो होतो.

पुढच्या सामन्यानंतर मात्र ते पान मला संपादकांच्या पत्त्यावर धाडा. पेन्सिलीनं खरडलेलं चालेल, चहाचे डाग चालतील. फक्त दुसरी पिचर आत आली तेव्हा कोणत्या बेसवर कोण होतं, आणि तिला तयार राहायला किती आधी सांगितलं होतं, एवढं समासात लिहिलेलं असू द्या.